बाहेरून कडी नसलेला दरवाजा

वाटूर, ता. परतूर
भाद्रपद शुद्ध ६, सन १९५१

भाई कन्हैयालाल,

जय जिनेंद्र. काल संवत्सरी झाली. उपास बरा गेला. आज सकाळी पारणं केलं आणि आपल्या रिवाजाप्रमाणे माफीचं पहिलं पत्र घरातल्या माणसाला लिहायला बसलो. आता घरातलंच माणूस रुसून हैदराबादला बेगम बाजारात जाऊन राहिलं, त्याला मी काय करू? तर वर्षभरात माझ्या बोलण्यानं, वागण्यानं, नुसत्या मनात आणण्यानंही तुला काही लागलं असेल, मला ठाऊक असो वा नसो, त्याची हात जोडून माफी मागतो. खमतखामणा.

दरवर्षी ही पत्रं मी आपल्या मारवाडीत लिहितो. हे मराठीत लिहिण्याचं कारण समोर बसलंय. झुंबरमाय कंदिलांच्या काचा पुसतेय आणि लिहून झालं की मला वाचून दाखव म्हणतेय. आपली आई तुझ्या जन्माच्या वेळीच गेली आणि हिनं तुला अंगावर पाजलं. तेव्हा तुझ्या पत्रावर तिचा हक्क माझ्यापेक्षा जास्त, असं तिचं म्हणणं. मी कशाला वाद घालू?

ती सांगतेय, "त्याला लिव्ह, जेवून राह्यला का न्हाई बराबर. आन् लिव्ह, सराई हाय तशीच हाय."

लिहिलं. खोटं नाही ते. बारा खणांपैकी पुढचे दोन कापडाच्या दुकानाला घेतले, ज्यावरून तू घर सोडलंस, ते तेवढेच. तिसऱ्यात नुसती गाठोडी ठेवलीत, तो मी धरत नाही. बाकीच्यांत खाटा आहेत, गोधड्या आहेत, रांजण भरलेला आहे. उतारूंचं म्हणशील तर परवा मंठ्याकडचे दोन गाडीवाले राहून गेले. पाऊस होता म्हणून राहिले, हेही खरं.

कागद संपला. उत्तर लिही.

तुझा
दीपचंद


भाद्रपद शुद्ध ६, सन १९५२

भाई कन्हैयालाल,

खमतखामणा. तुझं कार्ड दिवाळीत मिळालं होतं. एक ओळ. "कशाची माफी मागतोस, ते लिही." वर नमस्कार नाही, खाली सही नाही. मोठ्या भावाला असं लिहितात का? बाबूजी असते तर तुझा कान धरला असता. अर्थात आधी माझा धरला असता, ते वेगळं.

अरे, खमतखामणात कशाची ते कोणी लिहितं का? सगळा समाज सगळ्यांना सरसकट लिहितो आणि मोकळा होतो. तेच तर त्यातलं सुख आहे.

आणि तुझ्या त्या एका ओळीनं मला कुठल्या पेचात टाकलं ते ऐक. पोस्टमन आला तेव्हा झुंबरमाय कंदिलात तेल भरत होती. तिनंच कार्ड घेतलं, तेलकट हातानं. कोपऱ्यावर तिच्या अंगठ्याचा डाग पडला. धावत घेऊन आली माझ्याकडे. "कन्ह्याचं हाय न्हवं? वाच, वाच, काय लिव्हलं?" सत्तरीला टेकलेली बाई, तोंडावर एवढा आनंद. तिला काय सांगू, की तुझ्या कन्ह्यानं तुझं नावसुद्धा लिहिलं नाही? मी वाचलं, "झुंबरमायला माझे दंडवत. मी खुशाल आहे. जेवण बराबर होतं. तुझ्या हातच्या भाकरीची आठवण येते." रडायलाच लागली. मला वाटलं, यात कोणाचं काय गेलं.

हे पत्रही ती ऐकणार आहे. वाचताना हा भाग गाळीन.

सरकारी मोटार आता दिवसातून चार वेळा जाते. जालन्याचं माणूस सकाळी निघालं की दुपारी आपल्या घरी. वाटूरला मुक्काम करायचं त्याला कारण काय? गाड्यांचे बैलच रस्त्यावर दिसत नाहीत. सराई मी बंद केलेली नाही. लोकच यायचे थांबले. यात माझा कसूर असेल तर तो सांग, त्याची माफी मागतो.

दीपचंद


भाद्रपद शुद्ध ६, सन १९५४

भाई कन्हैयालाल,

खमतखामणा. गेल्या साली तुझं उत्तर नाही. मी तुला लिहीत राहणार, कारण रिवाज आहे, आणि माझा स्वभावही चिकट आहे.

तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहितो. चौथा, पाचवा आणि सहावा खण मोडून दुकान आत वाढवलं. मच्छिंद्र गवंडी कामाला होता. भिंत फोडायला दोन दिवस लागतील म्हणाला, आठ लागले. दोन हात रुंद भिंत, आणि चुना असा की पहार उसळून परत येई. वैतागून तो म्हणाला, "मालक, हे बांधणाराच्या मनात मोडायचं कवाच न्हवतं बघा." मी त्याला म्हणालो, तू पहार मार, बोलू नको.

पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. या सराईत जन्मलो, वाढलो, आणि मला हे माहीत नव्हतं. प्रत्येक दोन खणांमधल्या भिंतीत डोक्याच्या उंचीवर कोनाडा आहे ना, तो आपण आरपार मोडलेला समजत होतो. वाटायचं, पाठची वीट पडली असेल. ती पडलेली नाही. पडदादाजींनी तो आरपारच बांधला होता. एक दिवा ठेवला की उजेड दोन्ही खणांत. इकडचा उतारू मराठा, तिकडचा मुसलमान अत्तरवाला, ओळख ना पाळख, पण दिवा एकच. तेल वाचावं म्हणून केलं असेल, मारवाडीच होते शेवटी. पण मी त्या कोनाड्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. मग मच्छिंद्रला म्हणालो, फोड.

दुसरी गोष्ट मोठ्या दरवाज्याची. दुकानाला रोज कुलूप लावावं लागतं. लावायला गेलो तर बाहेरून कडीच नाही. आतून अडसर आहे, भक्कम, सागवानी. बाहेरून कडी नाही, कोयंडा नाही, कधी बसवल्याची खूणही नाही. झुंबरमायला विचारलं तर हसली. "बाह्यरून कशाला लागंल? सराई कवा रिकामी राह्यली का? आत कोण ना कोण असतंयच की." पडदादाजी नागौरकडून आले तेव्हा वाटूरला त्यांना कोणी ओसरीवर टेकू दिलं नाही, समोरच्या लिंबाखाली भिजत चार दिवस काढले, आणि पैसा आल्यावर त्याच लिंबासमोर तोंड करून सराई बांधली, हे बाबूजी शंभर वेळा सांगायचे. उतारूनं फक्त स्वतःला आणावं. खाट, पाणी, पांघरूण आपण द्यायचं. हा नियम तुला तोंडपाठ, मलाही. तो मी मोडत होतो तेव्हा तो मला पहिल्यांदा कळला. असं का होतं रे?

लोहाराकडून कडी करून आणली. बसवताना लाकूड चिरलं.

तू मोटारीच्या पायरीवर उभा राहून शेवटचं म्हणाला होतास, "भाईजी, सगळे खण घ्या, पण दरवाज्याशेजारची झुंबरमायची देवडी तिच्याकडून घेऊ नका." मी हो म्हणालो होतो. ती देवडी जशीच्या तशी आहे. तिची ट्रंक, तिचे कंदील, तिची चूल. एवढं तरी माझ्या बाजूनं धर.

दीपचंद

ता. क. दिवाळीला तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. हो, तेच जुनं कार्ड. नवं कुठून आणू? या वेळी तू लिहिलं होतंस की हैदराबादला थंडी कमी असते.


भाद्रपद शुद्ध ६, सन १९५५

भाई कन्हैयालाल,

खमतखामणा. सर्व खुशाल. पाऊसपाणी बरं. अधिक काय लिहावं.

दीपचंद


भाद्रपद शुद्ध ६, सन १९५६

भाई कन्हैयालाल,

खमतखामणा. गेल्या साली चारच शब्द लिहिले. कामाची गडबड होती.

हे मी खोटं लिहिलं. पुसत नाही, राहू दे.

मोटारी आता सराईच्या अगदी तोंडाशी थांबतात. उतारू पाय मोकळे करतात, पानं खातात, चढून निघून जातात. आमचं दुकान दरवाज्याच्या आत, कोणाला दिसत नाही. तुझी भाभी चंदनबाई रोज म्हणायची, "देवडी दुकानात घ्या, रस्त्याला तोंड येईल. म्हातारीला मागं गोठ्याच्या पडवीत करून देऊ जागा. आता गोठ्यात बैल तरी कुठं आहेत?" तिचंही चूक नाही. सात-आठ माणसांचं पोट त्या दुकानावर आहे. मी वर्षभर नाही म्हणत राहिलो. तू मला मऊ समजतोस, पण वर्षभर म्हणालो.

मग झुंबरमायनं आपणहून देवडी दिली. गेल्या सालच्या श्रावणात. कोणी जबरदस्ती केली नाही, ओरडलं नाही. सकाळी बोलणं झालं, दुपारी तिनं ट्रंक उचलली. जायच्या आधी देवडी झाडली, शेणानं सारवली. मी म्हणालो, माय, हे तर फोडायचंच आहे, सारवतेस कशाला? तर म्हणाली, "देताना साफ द्यावं."

पडवीत ती ठीक आहे. ऊन थोडं लागतं.

हे पत्र तिला वाचून दाखवलेलं नाही. तिनं मागितलंही नाही. पूर्वी समोर येऊन बसायची.

तू एक ओळ लिही रे. काहीही लिही. शिव्या लिही.

दीपचंद


भाद्रपद शुद्ध ६, सन १९५७

भाई कन्हैयालाल,

खमतखामणा. पडवीत आता कापडाच्या गाठी ठेवल्यात. मी सांगितलं नव्हतं. सणाचा माल आला, ठेवायला जागा नव्हती, माणसांनी आत लावला. मी आलो तोवर झुंबरमाय ट्रंक घेऊन बाहेर बसलेली. म्हणालो, माय, घरात चल, माडीवर राहा. "माडी चढवंना मला," म्हणाली. खाली म्हणशील तर खाली सगळं दुकानच आहे.

ती लिंबाखाली गेली. मी चार पत्रे ठोकून दिले. तिथं रांजण मांडून मोटारीच्या उतारूंना पाणी देते. खुश दिसते. खरंच दिसते, मी माझ्या सोयीनं लिहीत नाही.

पण पाणी दिलं की विचारते, "मुक्काम हाय का? म्होरं सराई हाय, जा, खाट भेटंल." मी दहादा सांगितलं, माय, सराई राहिली नाही. "बरं," म्हणते. पुढची मोटार आली की पुन्हा तेच. बहुतेक लोक हसतात. गेल्या महिन्यात सेलूकडचा एक जण बायको, दोन पोरं आणि ट्रंक घेऊन सरळ दुकानात आला आणि म्हणाला, "शेठ, खाट कोणती घ्यायची?" त्यांची परतूरची मोटार चुकली होती, बायकोच्या अंगात ताप होता. बारा खण, कन्हैया, आणि त्यातल्या एकातही मला त्या बाईला आडवं करता येईना. सगळीकडे कापड. मी काय केलं असेल? मी त्याला लुगडं दाखवलं. हात आपोआप गेला. तो माझ्याकडे बघतच राहिला आणि ट्रंक उचलून परत गेला.

ते लिंबाखाली राहिले, झुंबरमायच्या पत्र्यात. ती बाहेर निजली.

मला सांग, यातलं मी काय वेगळं करायला हवं होतं? बैलगाड्या बंद पडल्या, ते मी थांबवू शकत होतो? मोटार मी आणली? एकेक खण गेला तेव्हा त्या त्या दिवशी दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, हे मी कोणासमोरही सांगेन. तरी सगळे मिळून गेले ते माझ्याच हातून. त्याचा हिशेब मला लागत नाही.

दीपचंद


लिंबाखाली, वाटूर
भाद्रपद शुद्ध ६, सन १९५८

भाई कन्हैयालाल,

हे पत्र दुकानातून लिहिलेलं नाही. वर स्थळ बघितलंस ना? पाटी गुडघ्यावर घेऊन झुंबरमायच्या पत्र्यात बसलोय. अक्षर वाकडं येतंय.

काल संवत्सरीला नेहमीप्रमाणे तिच्या पाया पडायला आलो. म्हणालो, माय, खमतखामणा. दरवर्षी ती डोक्यावर हात ठेवते. काल ठेवला नाही. म्हणाली, "ते कार्ड आण."

"कोणतं कार्ड?"

"ज्याच्यावर माझ्या अंगठ्याचं तेल हाय, ते."

 मी उठलो, दुकानात गेलो, गल्ल्यातून ते काढून आणलं. हातात धरलं आणि सवयीनं सुरू केलं, "झुंबरमायला माझे दंडवत..."

"तसं न्हाई. जे लिव्हलंय ते वाच."

वाचलं. कशाची माफी मागतोस, ते लिही.

"एवढंच?"

"एवढंच."

हसली रे ती. दात नाहीत, पदर तोंडाला लावून हसली. "आन् तू सात वर्सं एका वळीतून इतकं वाचलं! हैदराबादची थंडी काय, भाकरी काय!"

मी विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, "दुसऱ्याच साली. डाग कुठं जातो का? पर म्हणलं, वाचून राह्यला तर वाचू दे. तुझ्या तोंडून का व्हईना, पोरगं बोलून राह्यलं."

कन्हैया, आता तुला जे तीन वर्षं लिहिलं नाही, ते लिहितो. झुंबरमायनं देवडी आपणहून दिली, असं मी कळवलं होतं. ती आपणहून दिलेली नाही. श्रावणातल्या त्या सकाळी मी हेच कार्ड हातात घेऊन तिच्यासमोर बसलो आणि तुझ्या नावानं वाचलं, "माय, देवडी भाईजींना दे. मी दिवाळीला येतोय, मग तुला घेऊन जाईन." तू जी एक गोष्ट मागू नका म्हणाला होतास, ती मी तुझ्याच तोंडून मागितली. आणि ती दिवाळीला, आणि पुढच्या दिवाळीलाही, ट्रंक बांधून पडवीत बसली होती, हे मी पाहिलं आणि बाजूनं निघून गेलो.

काल मी तिला म्हणालो, "तुला ठाऊक होतं ते खोटं आहे, तर मग दिलीस कशाला? आणि ट्रंक कशाला बांधलीस?"

ट्रंकेचं काही बोलली नाही. रांजणावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "तुला पायजे व्हती म्हणून दिली. पर दिपू, कन्ह्याच्या नावानं कशाला मागितली रे? तुझ्या नावानं मागितली असती तरी दिली असती. त्याला वर्सभर दूध पाजलं, ते खरं. पर तुला चार वर्सांचा असल्यापास्नं भरवलं न्हाई का मी? तू माझा कोणी न्हाई?"

मी पन्नाशीचा माणूस भर रस्त्यात रडलो. मोटार उभी होती, लोक बघत होते. बघू देत.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "मंग लिही की त्याला आता. कवाचा इचारून राह्यला."

म्हणून लिहितोय. तू सात वर्षांपूर्वी विचारलेल्याचं हे उत्तर आहे. दुकान काढलं त्याची माफी मागत नाही. ते तसंच होणार होतं, आजही तेच करीन. कोनाडा फोडला, कडी बसवली, त्याचं वाईट वाटतं, पण माफी त्याचीही नाही. माफी त्या सकाळची आहे. तुझं नाव वापरलं त्याची, आणि तिच्याकडून असं मागून घ्यावं लागेल इतका मी स्वतःला तिला परका समजलो, त्याची.

देवडी परत देता येत नाही. तिच्या जागी आता काचेचं कपाट आहे. मच्छिंद्रला विचारलं, पुन्हा भिंत उभी करता येईल का. "व्हईल की," म्हणाला, "पर तो चुना आता कोणाला येतो?" चंदनबाईला विचारलंच नाही. तिचं उत्तर मला पाठ आहे आणि ते बराबरही आहे. माझ्यानं काही होत नाही, कन्हैया. एवढंच होतं ते केलं, लिहिलं.

तिचे डोळे गेल्यात जमा आहेत. रांजणातलं पाणी ती बोट बुडवून मापते. तुला बोलवायचं तर कुठे ये म्हणू? तुझा पडदादा या गावात आला तेव्हा त्याला टेकायला जागा नव्हती म्हणून त्यानं बारा खण बांधले, आणि आज तू आलास तर तुलाही या लिंबाखालीच बसावं लागेल.

पत्र आत्ता तिला वाचून दाखवलं. सगळं, एक ओळ न गाळता. मध्येच थांबवून तिनं खात्री करून घेतली, "हे लिव्हलंय ना खरं? का आपलं असंच?" मी तिचं बोट धरून ओळींवरून फिरवलं. शाई ओली होती, तिच्या बोटाला लागली. वरची ओळ फरफटली आहे ती त्यानं.

ती सांगतेय ते शेवटी लिहितो, तिच्याच शब्दांत. "लिव्ह, ये म्हणावं. आन् येताना पांघरूण घेऊन ये. इथं दुसरं न्हाई."

दीपचंद